केस उन्हाने पांढरे झाले की अनुभवाने?



पारावर बसलेल्या वडीलधाऱ्याला एखाद्या पोराने उलट प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते, "अरे, माझे हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत!" आपण हे वाक्य ऐकले असेल, कदाचित बोललाही असाल. मी तर अनेकदा बोललो आहे. कृषी खात्यात लागून तीस वर्षे होऊन गेली. डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. आणि आज आपल्यापुढे एक कबुली द्यायची आहे. यातले बरेचसे केस उन्हानेच पांढरे झाले असावेत असे मला आता वाटते.

अनुभवासारखा गुरू नाही, हे खरेच आहे. पण हा गुरू सगळ्या विषयांत सारखा शिकवत नाही. काही कामांत तो वर्षभरात माणसाला तयार करतो, आणि काही कामांत चाळीस वर्षे जवळ बसवून ठेवतो, तरी एक धडा नीट देत नाही. गंमत अशी की माणसाला दोन्ही ठिकाणी सारखेच वाटते, की आपण शिकलो. कोणत्या कामात आपल्या नजरेवर भरवसा ठेवावा आणि कोणत्या कामात ठेवू नये, हे ओळखता आले तर घरातला पुष्कळ पैसा वाचतो. त्यासाठीच हा लेख.

भाकरी आणि लोणचे

सुरुवात घरातूनच करू. लेक दहा-अकरा वर्षांची झाली की आईशेजारी बसून भाकरी थापायला लागते. पीठ सैल झाले तर भाकरी उचलताना तुटते. पाणी कमी पडले तर कडेला चिरते. तवा तापला नसेल तर फुगत नाही, जास्त तापला तर करपते. प्रत्येक चुकीचे उत्तर दोन मिनिटांत तव्यावर दिसते आणि लगेच दुसरा गोळा हातात असतो. दिवसाला दहा भाकऱ्या धरल्या तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर होतात. वर्षभरात हात बसतो. पुढे तिला विचारा, "बाई, पाणी किती घेतेस?" तिला सांगता येणार नाही, पण हाताला बरोबर कळते.

आता लोणचे घ्या. ते वर्षातून एकदाच घालायचे. मीठ कमी पडले, कैरी ओली राहिली, बरणीला दमट हवा लागली, कुणी ओला चमचा घातला, यांपैकी काहीही झाले तरी पुढे बुरशी येते. पण ती दिसते दोन-चार महिन्यांनी. तोवर नेमके काय चुकले हे कुणाला आठवणार? आणि आठवले तरी पुन्हा करून बघायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने लोणचे मोजून चाळीस वेळा घातलेले असते.

म्हणून बघा, घरातली आजी भाकरीचे पाणी अंदाजाने घेते, पण लोणच्याचे मीठ मापाने घेते. कुठे हातावर विसंबायचे आणि कुठे मापावर, हे तिला पक्के माहीत असते. आपल्या शेतीतली कोणती कामे भाकरीसारखी आहेत आणि कोणती लोणच्यासारखी, एवढाच प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे.

बाजारातला बोकड

आठवडी बाजारात आपण बोकड घेऊन उभे राहतो. व्यापारी येतो, पाठीवरून हात फिरवतो, कमरेजवळ दाबून बघतो आणि भाव सांगतो. आपण घासाघीस करतो, शेवटी देऊन टाकतो. घरी येताना मनात रुखरुख राहते, की त्याने आपल्याला कमी पैशांत गुंडाळले.

त्याची नजर आपल्यापेक्षा तयार का? त्याला जादू येत नाही. सकाळी त्याने मनात अंदाज केला, आणि दुपारपर्यंत काट्यावर मटण किती भरले ते त्याला कळले. अंदाज चुकला तर त्याच दिवशी खिशाला चाट बसली. असे दर आठवड्याला, वर्षानुवर्षे. आपण वर्षाला चार-पाच जनावरे विकतो, आणि त्यांचे पुढे किती वजन भरले हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याची भाकरी आहे, आपले लोणचे आहे.

यावर उपाय महाग नाही. घरात एक लटकता काटा ठेवा. करडू झोळीत घालून काट्याला लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाने वजनाचा अंदाज सांगायचा, मग काटा बघायचा. महिन्यातून दोनदा केले तरी सहा महिन्यांत पोरासोरांची नजर बसते. मोठ्या जनावराला काटा मिळत नाही, तिथे टेप घ्या. छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. वजन साधारण किलोत निघते. घेर ६४ इंच आणि लांबी ५२ इंच असेल तर वजन सुमारे ३२२ किलो येते. थोडा फरक पडेल, पण नुसत्या नजरेपेक्षा हे बरे. पण अंदाज आधी, टेप नंतर. उलटे केले तर नजर काहीच शिकत नाही.

जपानी लोकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. एक दिवसाचे कोंबडीचे पिल्लू नर की मादी, हे पाठीमागून बघून ओळखण्याची रीत तिथल्या मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२० च्या दशकात पुढे आणली. ती खूण तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असते, आणि शब्दांत सांगून कळत नाही. शिकणारा पिल्लू उचलतो, नर किंवा मादी असे सांगतो आणि शेजारी बसलेला जाणकार लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो. मग दुसरे पिल्लू. असे दिवसाला शेकडो. याच पद्धतीने तयार झालेले लोक तासाला आठशे-हजार पिल्ले निवडतात आणि शंभरात ९८ च्या आसपास बरोबर असतात. भरपूर वेळा करणे आणि लगेच खरे उत्तर मिळणे, ही त्या शाळेची दोन पुस्तके.

देखण्या कणसांची परीक्षा

आता याच्या उलट उदाहरण ऐका. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही अमेरिकेतली गोष्ट आहे. तिथे आयोवा राज्यात मका हे मुख्य पीक. गावोगावी मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत, आणि वर्षानुवर्षे मका पाहिलेले परीक्षक कणसांना नंबर देत. कणीस लांब, ओळी सरळ, टोकापर्यंत दाणे भरलेले, की पहिला नंबर. लोक ते बियाणे म्हणून घेत.

तिथल्या वॉलेस नावाच्या शेतकरी घराण्याचे स्वतःचे शेतकी साप्ताहिक होते. त्या घरातल्या हेन्री वॉलेस या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शंका आली, की देखणे कणीस जास्त उतारा देते हे कुणी पाहिले आहे का? १९०४ साली त्याने पेरी होल्डन या नामांकित प्राध्यापकाने नंबर लावलेली तिसेक कणसे घेतली आणि प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले. काढणीनंतर उतारा वेगवेगळा मोजला. वरच्या नंबरची कणसे उताऱ्यात पुढे नव्हती. सर्वांत देखणे ठरलेले कणीस तर उताऱ्यात तळाच्या रांगेत गेले.

पुढे १९२३ साली याच वॉलेस यांनी अनुभवी मका-परीक्षकांच्या मनात काय असते यावर शास्त्रीय लेख लिहिला. परीक्षकांनी पारखलेल्या शेकडो कणसांचे दाणे पेरून उतारा मोजलेला होता, ते आकडे त्यांनी तपासले. परीक्षकांचे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होते. सगळे कणसाच्या लांबीला मोठा मान देत होते. पण त्यांनी दिलेले गुण आणि शेतातला उतारा यांचा मेळ फार थोडा होता. वॉलेस यांनी १९२६ साली संकरित मक्याची कंपनी काढली, १९३३ ते १९४० या काळात ते अमेरिकेचे शेतीमंत्री होते आणि १९४१ ते १९४५ उपराष्ट्राध्यक्ष.

हे परीक्षक अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. हजारो कणसे त्यांच्या हाताखालून गेली होती. मग ते का शिकले नाहीत? कारण नंबर दिल्यावर ते कणीस पुढे शेतात काय करते, हे त्यांच्यापर्यंत कधी आलेच नाही. त्यांना उत्तर मिळत होते ते दुसऱ्या परीक्षकाच्या मान डोलावण्याचे. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास वाढत गेला, पारख मात्र होती तिथेच राहिली.

आपल्याकडे वेगळे काय आहे? रस्त्याने जाताना कुणाचा कापूस काळाभोर, कमरेला लागलेला दिसला की आपण म्हणतो, "पीक लई जोरात आहे." युरिया जास्त पडला की झाड उंच आणि गर्द होतेच, पण बोंडे त्या मानाने लागतातच असे नाही. हिरवेपणाला शाबासकी रस्त्यावर मिळते. खरे उत्तर काट्यावर मिळते, तेही चार महिन्यांनी, आणि तोवर शाबासकी देणारे विसरून गेलेले असतात.

भाजीचे सहा तास

आता माझी गोष्ट. नोकरीला आठ-नऊ वर्षे झाली होती. मराठवाड्यातल्या एका गावात एक तात्या होते, चांगले कष्टाळू शेतकरी. रब्बीला हरभरा असे. मी सांगितले होते, की कळी लागली की एक फवारा आणि घाटे धरले की दुसरा. तात्या तसेच करत. हरभरा चांगला येई. दिवाळीला मला घरी बोलावून चार लोकांत सांगत, "साहेबांच्या औषधाने हरभरा राखला." माझीही छाती फुगे.

२००१ ची रब्बी होती. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, विहिरीकडचे सहा तास म्हणजे सहा ओळी राखून ठेवल्या होत्या. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्या भाजी करत, उरलेली वाळवून ठेवत. त्यांनी तात्यांना बजावले होते, "माझ्या भाजीच्या तासांना औषध मारायचं नाही. घरात नातवंडं खातात." तात्यांनी तेवढे तास सोडून फवारले.

काढणीला मी सहज गेलो होतो. काकूंनी ते सहा तास वेगळे झोडले होते, घरच्या पुरणाला ठेवायचे म्हणून. त्यांनी शेजारचेही सहा तास वेगळे झोडायला लावले होते. दोन्ही राशी पायलीने मोजल्या. शेरभराचाही फरक निघाला नाही. काकूंनी पदराने हात पुसले आणि सरळ विचारले, "साहेब, मग दोन फवारे कशासाठी मारले?"

मला घाम फुटला. मी म्हणालो, "काकू, तुम्ही शेंडे खुडले. शेंडा खुडला की फांद्या जास्त फुटतात, घाटे वाढतात. म्हणून तुमच्या तासांना उतारा आला असेल. ही बरोबरी खरी नव्हे." बोललो ते शास्त्राला धरून होते. पण काकू गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पुढच्या साली सगळ्याच रानाचे शेंडे खुडू. औषध फक्त काही तासांना मारू नका. मग तर कळेल?"

बंधू-भगिनींनो, मी बी.एस्सी. (कृषी) झालेला माणूस. खत घातलेला वाफा, न घातलेला वाफा, शेजारी शेजारी, तीन-चार ठिकाणी, हे सगळे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. आणि नोकरीत स्वतःचा सल्ला एकदाही तसा तपासला नव्हता. ते काम काकूंनी भाजीपायी करून दाखवले.

पुढच्या वर्षी तीन ठिकाणी सहा-सहा तास सोडले, चुन्याच्या खुंट्या रोवल्या. त्या वर्षी अळी तुरळक होती. तिन्ही ठिकाणी उताऱ्यात थोडा फरक पडला, पण औषध आणि मजुरीचा खर्च निघेल एवढा नव्हता. तिसऱ्या वर्षी मात्र ऐन फुलोऱ्यात आभाळ धरले. एका मीटर ओळीत तीन-तीन, चार-चार घाटेअळ्या सापडू लागल्या. त्या वर्षी न फवारलेल्या तासांतले घाटे पोखरून गेले आणि राशीत चौथाई तूट आली. तात्या म्हणाले, "बघ, औषध लागतंच." काकू म्हणाल्या, "ज्या साली लागतं त्या साली लागतं."

माझ्या एवढ्या वर्षांच्या सल्ल्यात जे नव्हते ते या एका वाक्यात होते. त्यानंतर मी 'कळी लागली की फवारा' असे कुणाला सांगितले नाही. 'आधी मोजा' असे सांगू लागलो.

मला कुणी का सांगितले नाही?

घरी आल्यावर मी विचार करत बसलो. शेकडो घरांना मी सल्ला दिला. त्यातला काही चुकला असणारच. मग मला कळले कसे नाही? उत्तर सोपे होते. ज्याला चांगले पिकले तो पेढे घेऊन कचेरीत येई. ज्याचे फसले तो एकतर माझ्या वाटेला जात नसे, किंवा साहेबांना कसे बोलायचे म्हणून गप्प राही. माझ्यापर्यंत येणारे उत्तर चाळणीतून येत होते. गोड तेवढे वर राहायचे, कडू खाली गळून जायचे. अशा चाळलेल्या अनुभवावर माझे केस पांढरे होत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर आपण कावळ्याच्या नावाने बोलतो. फवारा मारला आणि हरभरा चांगला आला, म्हणून फवाऱ्याने आला असे मी समजलो. न फवारलेला तुकडा शेजारी नसेल तर हे कधीच कळत नाही, मग दहा वर्षे जावोत की तीस. तसेच दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. एका वर्षी अळीने पीक खाल्ले की पुढे पाच वर्षे अळी असो-नसो पंप खांद्यावर चढतो.

तिसरी गोष्ट, आपली आठवण आपलीच बाजू घेते. पहिल्याच सरीवर पेरले आणि साधले, तर ते आपण वर्षानुवर्षे सांगतो. दुबार पेरणी करावी लागली, तर म्हणतो, "मला ठाऊकच होतं, पण पोरांनी ऐकलं नाही." पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा असे खाते सांगते. आपला अंदाज त्याहून चांगला की वाईट, हे सांगायला आपल्याकडे लिहिलेले काहीच नसते.

घरी करण्यासारखे

हे सगळे वाचून आपण म्हणाल, मग आम्ही करायचे काय? मी माझ्या अनुभवावरून, आणि काकूंच्याही, पाच गोष्टी सांगतो.

पहिली, अंदाज आधी लिहा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब लिहितोच. त्याच चौकोनात पेन्सिलने लिहा, 'आज पेरले, ओल बोटभर, उगवण चांगली होईल असे वाटते', किंवा 'तुरीला एकरी पाच क्विंटल येईल'. उत्तर आले की त्याखाली लिहा. पाच-सहा हंगामांत आपली नजर कुठे खरी ठरते आणि कुठे दरवेळी जास्तच सांगते, हे घरात सगळ्यांना दिसेल.

दुसरी, पट्टा सोडा. नवे खत, नवे औषध, नवे टॉनिक काहीही वापरा, पण चार-सहा ओळी त्यातून वगळा. एका ठिकाणी नको, दोन-तीन ठिकाणी सोडा. बांधाजवळ, झाडाच्या सावलीत किंवा पाटाच्या कडेला सोडू नका, तिथले पीक तसेही वेगळे असते. खुंट्या रोवा आणि काढणीला दोन्हीकडचा सारख्या लांबीचा माल वेगळा मोजा. कुणी म्हणेल, तेवढ्या ओळींचे नुकसान होईल. होईल थोडेसे, ती शाळेची फी समजा. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या गव्हाच्या शेतात १८४३ पासून एका पट्ट्याला खतच घातलेले नाही. त्या रिकाम्या पट्ट्यामुळेच बाकीच्या पट्ट्यांतले खत काय करते हे कळते.

तिसरी, मोजून मग ठरवा. हरभऱ्यात नागमोडी चालत दहा ठिकाणी एकेक मीटर ओळीतल्या अळ्या मोजा. सरासरी मीटरला एक-दोन अळ्या भरल्या की फवारणीचा विचार करा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क आणि पक्षी थांबे यांवर भागते. मोजण्याआधी बांधावर उभे राहून अंदाज करा, मग आत शिरा. महिन्याभरात आपली नजर आणि मोजणी जवळ येऊ लागते.

इंडोनेशियात भातावर तुडतुड्यांनी थैमान घातले होते. तिथल्या सरकारने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. तिथे शेतकरी कोळी आणि तुडतुडे एकत्र जाळीत ठेवत आणि कोण कुणाला खातो हे स्वतः बघत. भाषणाने जे पटत नाही ते जाळीतल्या कोळ्याने पटवले. आपल्याकडेही कृषी विभागाच्या शेतीशाळा होतात, महिलांच्याही होतात. नुसते ऐकायला जाऊ नका, मोजायला जा.

चौथी, लगेच उत्तर देणारी कामे शोधा. सोयाबीनचे घरचे बियाणे घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळून ठेवा. त्याआधी डोळ्यांनी बघून सांगा, किती उगवतील. सात-आठ दिवसांत उत्तर हातात येते. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचे बियाणे पुरते, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवावे लागते. शेतात पेरून बघितले असते तर हेच उत्तर दुबार पेरणीच्या खर्चासह मिळाले असते. लोणच्याची जितकी भाकरी करता येईल तितकी करावी, ती अशी.

पाचवी, फसले तर सांगा. सल्ला देणारा अधिकारी असो, दुकानदार असो, नाहीतर शेजारचा भाऊ असो, त्याचे म्हणणे ऐकून नुकसान झाले तर त्याला जाऊन सांगा. भांडायला नको, सांगायला जा. आपण सांगितले नाही तर तो तोच सल्ला पुढच्या दहा घरांना देईल, तोही मनापासून. पेढे नंतर आणले तरी चालतील, पोखरलेला घाटा आधी आणा.

काही गोष्टी मात्र या पाचही उपायांनी सुटत नाहीत. बाजारभाव त्यांतला एक. कांद्याचे भाव कुठल्या कारणाने चढले आणि कुठल्या कारणाने पडले, याचे स्वच्छ उत्तर आपल्यापर्यंत येतच नाही. वर्षाला एक-दोनदाच विकायचे, आणि दरवेळी कारणे निराळी. 'मला भाव कळतो' असे म्हणणाऱ्याने एकदा जुन्या पावत्या काढून बघाव्यात. तिथे शहाणपण एवढेच, की सगळा माल एका दिवसाच्या अंदाजावर न विकता टप्प्याटप्प्याने विकावा.

वडीलधाऱ्यांचा मान कमी करावा म्हणून मी हे लिहिलेले नाही. ढेकूळ हातात चुरगाळून वाफसा आला की नाही हे सांगणारे, गाईच्या डोळ्यांवरून आजार ओळखणारे हात आपल्या घराघरांत आहेत. ती कामे त्यांनी हजारो वेळा केली, दरवेळी उत्तर समोर आले, म्हणून तो अनुभव सोन्यासारखा आहे. तिथे पोरांनी निमूट ऐकावे. पण जिथे चाळीस वर्षांत चाळीसच संधी मिळाल्या, तिथे आजोबांनीही आजीचे माप उसने घ्यावे.

काकू आता थकल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्या गावी गेलो होतो. नातसून हरभऱ्यात होती. तीन ठिकाणी चुन्याच्या खुंट्या दिसल्या. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आजींनी सांगितलंय, तेवढे तास सोडायचेच." मी अळ्यांचा अंदाज सांगितला, तिने मोजल्या. माझा अंदाज दुपटीने चुकला होता. तिने दिनदर्शिकेवर लिहूनही ठेवला.

या रब्बीत आपणही चार ओळी सोडून बघा. आणि काय निघाले ते आपल्या गावच्या कृषी अधिकाऱ्याला कळवा, विशेषतः त्याचे चुकले असेल तर.